पाच वॅटची लाल रेघ

काटेकाकांना राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणायचे. साफ खोटं. कारण लागायचं, फक्त ते दर वेळी एकच असायचं. मापात पाप दिसलं की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि हल्लीच्या दिवसांत ते कुठं दिसत नाही ते सांगा.

चाळीस वर्षं ते वजनकाटे दुरुस्त करत होते. वाण्याचा काटा, भंगारवाल्याचा, सोनाराचा. त्यांचं खरं नाव पोस्टमनसुद्धा विसरला होता. एकदा एक भाजीवाला काटा घेऊन आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "काका, किलोमागं पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे होतील असं काही जमेल का?" काकांनी काटा ठेवून घेतला, वरचं पारडं काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे घेऊन जा, घासून पूस आणि त्यात स्वतःचं तोंड बघ. दिसलं की ये, मग काटा देतो." तो भाजीवाला अजून त्या गल्लीला वळसा घालून जातो.

सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम ठरलेलं. पितळी वजनं फडक्यानं पुसायची आणि दुकानातल्या स्वतःच्या काट्यावर एकेक ठेवून बघायची. आधी आपला काटा, मग गिऱ्हाइकाचा. हा नियम त्यांनी इतक्यांदा इतक्यांना ऐकवला होता की त्यांची बायको तो झोपेतही म्हणाली असती.

दुकानाच्या वरच्या पोटमाळ्यावर काकांचा रेडिओ होता. गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. सरकारी परवान्याचा, हौशी लोकांचा, शॉर्टवेव्हवरचा. बोलणं तोंडानं नाही, बोटानं. तारायंत्राची पितळी की, म्हणजे खटका, दाबून मोर्सचं डिट-डा, डिट-डा. गच्चीतल्या पाण्याच्या टाकीपासून समोरच्या खांबापर्यंत तांब्याची तार ताणलेली. आणि ताकद किती, तर पाच वॅट. सायकलच्या दिव्याला लागते साधारण तेवढी. एवढ्यात समुद्रापलीकडच्या माणसाशी बोलायचं म्हणजे भरल्या बाजारात या टोकाला कुजबुजायचं आणि त्या टोकाला कुणाला तरी ऐकू जाईल म्हणून कान टवकारून बसायचं. पण जायचं ऐकू. पहाटे हवा चांगली असली तर अर्ध्या पृथ्वीपलीकडून उत्तर यायचं. हजार वॅटचा सेट लावून बसणाऱ्यांना काका 'लाऊडस्पीकर' म्हणायचे आणि त्यांच्याशी बोलायचे नाहीत.

इथंही त्यांचा राग मापावरच. समोरच्याचा आवाज कसा येतो त्याचे गुण द्यायची रेडिओवर रीत आहे. पाच-नऊ-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी, खणखणीत. हल्लीचे लोक सरसकट सगळ्यांना पाच-नऊ-नऊ देतात आणि पुढच्याच दमात विचारतात, तुमचं नाव परत सांगा, ऐकू आलं नाही. काका की सोडून भिंतीशी भांडायचे. "अरे गाढवा, ऐकू आलं नाही तर पैकीच्या पैकी कशाचे दिलेस?" खाली दुकानात बायको गिऱ्हाइकाला सांगायची, काही नाही, परदेशी बोलतायत.

शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत दर रविवारी सकाळी या हौशी लोकांचा क्लब भरायचा. बारा-तेरा डोकी. भिंतीवर पुठ्ठ्याची एक यादी टांगलेली होती, पाच वॅटची यादी. पाच वॅट किंवा त्याहून कमी ताकदीत ज्यानं जितक्या देशांशी बोलणं केलं तितका आकडा त्याच्यापुढे. पुरावा कुणी मागायचा नाही. आपला आकडा आपण लिहायचा, बाजूला सही करायची. सगळा कारभार शब्दावर. सगळ्यात वर तारमास्तर होते, एकशे बारा. जहाजावर तारायंत्र चालवलेला माणूस, काकांचा गुरू, अकरा वर्षांपूर्वी गेलेला. त्यांच्या खाली काका, सत्त्याण्णव. आणखी तीन झाले की शंभर. काका अडुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांच्या डाव्या कानात दिवसभर शिट्टी वाजायची. कान शाबूत आहेत तोवर हे शंभर करायचे, एवढंच त्यांना या वयात हवं होतं.

जाताना मास्तरांनी त्यांना आपलं वॅटमीटर दिलं होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं, सुईचं, तबकडीवर मास्तरांच्या हातच्या शाईच्या रेघा आणि पाचावर एक लाल रेघ. हे मीटर सेट आणि तारेच्या मध्ये जोडायचं, सेटचा नॉब फिरवायचा, सुई लाल रेघेवर आली की हात काढायचा. पहिल्या दिवशी नॉब जिथं थांबला तिथं काकांनी सेटवर पेन्सिलीनं खूण केली. पुढं पुढं नॉब त्या खुणेच्या पलीकडं न्यावा लागायला लागला. अकरा वर्षांत चांगला अंगठ्याच्या रुंदीएवढा. काका म्हणायचे, सेट म्हातारा झाला माझ्यासारखा, याच्याही खाल्लेलं अंगी लागत नाही.

तर अशा या क्लबात तीन वर्षांपूर्वी एक दाताचा डॉक्टर आला. चाळिशीचा, हसरा, स्वतः जुळवलेला सेट साबणाच्या डबीत घालून हिंडणारा. तीन वर्षांत त्याचा आकडा अठ्ठ्याऐंशी. काकांना अठ्ठ्याऐंशीला नऊ वर्षं लागली होती. नाकाला मिरच्या झोंबल्या नसत्या तरच नवल.

"डॉक्टर," एका रविवारी काका म्हणाले, "त्या साबणाच्या डबीला मागून शंभर वॅटचं शेपूट असतं का हो?"

लोक हसले. डॉक्टरही हसला, आणि तिथंच काकांचं टाळकं सरकलं. ते उठून उभे राहिले.

"हसण्यावारी नेऊ नका. पाच वॅटवर तीन वर्षांत अठ्ठ्याऐंशी देश होत नाहीत. या यादीत चोरी चाललीय, आणि मी चोराच्या तोंडाकडं बघून बोलतोय."

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी सेट आणतो. मीटर तुमचंच आणा."

पुढच्या रविवारी झाडून सगळे हजर. काकांनी बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला, दोन्हीकडच्या वायरी जोडल्या, चष्मा पुसला. डॉक्टरनं की दाबली. सुई उठली, चढली आणि तीनावर थांबली. काकांनी डब्यावर टिचकी मारली. तीनच. परत दाबायला सांगितलं. तीन.

"माझं मीटर पाच दाखवतं," डॉक्टर गोंधळून म्हणाला.

क्लबचे चिटणीस म्हणजे शाळेतले विज्ञानाचे सर. त्यांनी डॉक्टरच्या पाठीवर थाप मारली. "अहो तुमचं मीटर बाजारातलं. हे काकांचं आहे. काकांचं माप चुकेल का? तुम्ही तीन वॅटवर अठ्ठ्याऐंशी देश केलेत, गडी माणूस आहात." टाळ्या पडल्या. डॉक्टरनं तिथंच खिशातून फोन काढला आणि वडिलांना सांगितलं, "बाबा, तीनच वॅट निघाले." मग काकांच्या मीटरवर बघून त्यानं आपला सेट पाचापर्यंत चढवला. ते पाहून आणखी तिघांनी आपापले सेट आणले होते ते त्याच मीटरवर लावून घेतले. म्हणाले, काकांचं मीटर आलंच आहे तर कशाला सोडा.

काका चोर पकडायला गेले होते, ते चोराचा सत्कार करून परत आले. राग होता तेवढाच्या तेवढा, ठेवायला जागा नव्हती. दुपारी दुकानात आल्या आल्या त्यांनी स्टुलाला लाथ मारली आणि स्टूल लोखंडी असल्यामुळं बोट धरून बसले. बायको गल्ल्यामागं बसली होती.

"सापडला का चोर?"

"तीन दाखवलं त्याचं. मीटर भंगार आहे त्याचं, पाच दाखवतंय म्हणे."

"म्हणजे त्याचं पाच दाखवतं आणि तुमचं तीन." तिनं हातातली पावती बाजूला ठेवली. "दुकानात दोन काटे दोन वजनं दाखवायला लागले तर तुम्ही आधी कुठला उघडता?"

काकांनी दुखरं बोट आणखी घट्ट धरलं.

"आपलं विचारते. उद्या गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगायला."

"मास्तरांचं मीटर आहे ते," काका ओरडले.

"मास्तरांचं होतं. अकरा वर्षं तुमच्या पोटमाळ्यावर आहे. तिथं ठेवलेल्या ब्लँकेटांना दर वर्षी बुरशी येते, मी धुते म्हणून मला माहीत."

दोन दिवस काकांनी मीटर उघडलं नाही. दोन दिवस ते भेटेल त्याच्यावर खेकसत होते. वाण्याला म्हणाले, तुझा काटा बरोबर आहे, तूच वाकडा आहेस. आयुष्यात हजारो काटे उघडलेला माणूस, पण गुरूच्या हातच्या चार स्क्रूंना हात लावायला धजत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून ते वर गेले आणि त्यांनी डबा उघडला.

आत सुईच्या मागं एक जुना कार्बनचा रेझिस्टर होता. सुईपर्यंत किती वीज जाऊ द्यायची ते ठरवणारा, डाळीच्या दाण्याहून थोडा मोठा. त्यावरच्या रंगाच्या पट्ट्या सांगत होत्या, सत्तेचाळीस हजार ओहम. काकांनी त्याचं एक टोक सोडवलं आणि मोजलं. एकोणसाठ हजार. त्यांनी दुकानातलं दुसरं मीटर आणलं. एकोणसाठ. शेजारच्या पंखेवाल्याचं मागून आणलं. एकोणसाठ.

दमट हवेत असला रेझिस्टर वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातो. तो वाढला की सुईला कमी वीज मिळते, सुई कमी दाखवते. सुई कमी दाखवते म्हणून माणूस नॉब आणखी फिरवतो. काकांनी पावतीच्या पाठीमागं हिशेब मांडला. सुई पाचावर, तेव्हा तारेत आठ.

डॉक्टरचे पाच वॅट बरोबर होते. आठ काकांचे होते.

चोराच्या उलट्या बोंबा. ही म्हण काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना चिकटवली होती. आता त्यांना स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटत होतं. मास्तरांचा राग आला, दमट हवेचा आला, बायकोचा तर फारच आला, कारण तिनं एका प्रश्नात सांगितलं ते त्यांना अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. पेन्सिलीच्या खुणेपासून नॉब सरकत होता, रोज डोळ्यांसमोर सरकत होता, आणि ते सेटला म्हातारा म्हणत बसले होते. सत्त्याण्णव देशांतले किती पाचावर झाले, किती सहावर, किती आठावर, हे आता कुणाच्या बापाला सांगता येणार नव्हतं.

त्यांच्या खणात नवा रेझिस्टर होता. त्यांनी तो आधी मोजला, मग डाग देऊन बसवला, मीटर जोडलं, की दाबली आणि सुई लाल रेघेवर येईपर्यंत नॉब मागं आणला. नॉब पेन्सिलीच्या खुणेवर येऊन थांबला. एक केसही इकडं तिकडं नाही.

डबा बंद करून गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? कुण्णाला नाही. हा विचार काकांच्या मनात आला नाही असं मी सांगणार नाही. आला, आणि चांगला अर्धा तास ठाण मांडून बसला. पण डॉक्टर आता यांच्या मापानं आठ वॅट सोडत होता आणि आणखी तिघे सोडत होते. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि शेत सोडून शेजाऱ्याच्या रानातही शिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरच्या दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईनं नंबर घ्यायला लावला. काका म्हणाले, मला दात दाखवायचे नाहीत. ती म्हणाली, मग आत जाऊन काय दाखवणार? पन्नास मिनिटं बसून त्यांचा नंबर आला आणि सवयीनं डॉक्टरनं त्यांना खुर्चीत आडवं केलं. वरून दिवा तोंडावर.

"आ करा."

"माझं मीटर चुकीचं आहे," काका दिव्याकडं बघत म्हणाले. "तुमचं बरोबर होतं. तुम्ही पाचावरच होता. मी आठावर होतो, किती वर्षं ते माहीत नाही. तुम्ही रविवारी चढवलात तो सेट खाली आणा."

डॉक्टरनं तोंडावरचा मास्क खाली केला.

"तीन वॅट म्हणून मी बाबांना फोन केला होता. ते अंथरुणातून उठत नाहीत. आल्यागेल्याला सांगतायत, माझा मुलगा तीन वॅटवर जगाशी बोलतो. आता काय सांगू त्यांना?"

"सांगा, एक म्हातारा मूर्ख होता."

"ते मी सांगेनच." डॉक्टरचा आवाज चढला. "काका, मला राग त्याचा नाही. मीटर कुणाचंही बिघडतं. तुम्ही उभं राहून, बारा माणसांसमोर, खड्या आवाजात मला चोर म्हणालात. आणि आता इथं आडवं पडून, दार लावून, हळू आवाजात सांगताय. हे नाही चालणार."

काकांना या पोराचा पहिल्यांदाच मान वाटला. खुर्चीतून उठताना त्यांचं डोकं दिव्यावर आपटलं. "रविवारी या," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

रविवारी काका उभे राहिले. हातात बिस्किटांचा डबा, खिशात पुडीत बांधलेला जुना रेझिस्टर. त्यांनी सगळं सांगितलं, चोर म्हणाले होते त्याच आवाजात. आवाज शाळेच्या मैदानापर्यंत गेला असेल. "डॉक्टर खरे होते. मी खोटा होतो. ज्यांनी ज्यांनी माझ्या मीटरवर सेट लावले त्यांनी आज खाली आणा."

आणि मग जे झालं त्यानं त्यांचं डोकं आणखीच फिरलं. लोकांनी त्यांना माफ केलं. एकजण म्हणाला, जाऊ द्या हो काका, आठ काय नि पाच काय, समोरच्याच्या कानाला फरकसुद्धा कळत नाही. चिटणीस म्हणाले, "आकडा राहू द्या, बाजूला 'अंदाजे' असा शेरा लिहू."

"फरक कळत नाही ना?" काका गरजले. "मग उद्यापासून सगळे माझ्याकडून किलोला सव्वासहाशे ग्रॅम घेऊन जा. डोळ्याला फरक कळणार नाही. कुणाला कळत नाही म्हणूनच मापाचं काम करायला माणूस लागतो. नाहीतर मी चाळीस वर्षं काय झक मारली?"

ते यादीपाशी गेले आणि पेनानं आपल्या सत्त्याण्णववर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'काटा चुकीचा होता', आणि सही केली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मग मास्तरांचे एकशे बारा? मीटर तर त्यांचंच होतं."

काका वळले. चार दिवस हाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता.

"नवा रेझिस्टर घालून सुई पाचावर आणली तर माझा नॉब परत पेन्सिलीच्या खुणेवर येतो," ते म्हणाले. आवाज प्रथमच खाली आला होता. "ती खूण मास्तरांचं मीटर घरी आणलं त्या दिवसाची. म्हणजे त्या दिवशी मीटर बरोबर होतं. मास्तरांचे एकशे बारा खरे आहेत. बिघडलं ते माझ्या हाताखाली. मी रोज सकाळी दुकानातला काटा तपासायचो, मग वाण्याचा, सोनाराचा तपासायचो, आणि हे एवढं अकरा वर्षांत एकदा तपासलं नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि यादीत आता दुसरा कोण ते पाहिलं. अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर पुढं आला, त्यानं टेबलावरचा डबा उचलून काकांच्या हातात दिला. "पुढच्या रविवारी हे परत आणा," तो म्हणाला. "माझं मीटर तपासायचंय. येताना आधी हे तपासून या."

"तुम्ही सांगायची गरज नाही," काका गुरगुरले.

सोमवारी पहाटे काका पोटमाळ्यावर बसले. नवी वही, पहिलं पान कोरं. सुई लाल रेघेवर, नॉब पेन्सिलीच्या खुणेवर. पाऊण तास की दाबत होते. डाव्या कानातली शिट्टी मध्येच इतकी वाढायची की उत्तर आलं की भास झाला ते कळेना. शेवटी एकानं त्यांचं नाव ओळखलं, कसंबसं. पाच-नऊ-नऊ दिलं नाही त्यानं. तीन-तीन-नऊ दिलं, म्हणजे जेमतेम, तुकड्या-तुकड्यांत ऐकू येतंय. काकांनी तेच वहीत उतरवलं आणि समोर आकडा लिहिला, एक.

खाली आले तर बायकोनं चहा ठेवला होता. "मिळालं का कुणी?"

"शेजारचाच देश. तोही मरत मरत."

"मग?"

"मग काय." काकांनी कप ओढला, चहा बशीत सांडला आणि त्याचाही त्यांना राग आला. "नव्व्याण्णव राहिले."